रांगेतली हरणाबाई

१

हरणाबाईला माती देऊन दोन-तीन पावसाळे उलटले होते, आणि त्या सकाळी आमच्या दवाखान्यातल्या स्पीकरनं तिला नावानं हाक मारली.

"हरणाबाई शंभुलिंग. खोली क्रमांक दोन."

आवाज यंत्रातल्या बाईचा. कुणालाही बोलावताना तो एकाच पट्टीत असतो, त्यात ना माया ना कंटाळा. नळदुर्गच्या बाहेर, हायवेला लागून आमचा हा ट्रस्टचा दवाखाना आहे. मी इथं जन्मभर नोकरी केली, मेट्रन म्हणून निवृत्त झाले, आणि अजूनही सकाळी गुडघ्यांना तेल चोळून इथल्याच बाकावर येऊन बसते. माणसं मला आजही दैवशाला सिस्टरच म्हणतात.

"आगं माय!" माझ्या शेजारची म्हातारी दचकली. "तिला तर आमी माती दिली की."

"नावासारखं नाव आसंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आन् नवऱ्याचं बी तेच?"

पहाटे वारं सुटून लाईट गेली होती आणि उजाडायच्या सुमारास आली होती. पंखे नुकते कुठं वेग धरत होते. रीतीप्रमाणं स्पीकरनं दुसऱ्यांदा पुकारलं, "हरणाबाई शंभुलिंग," आणि बाकावरचे सगळे दाराकडं बघत राहिले. खरंच कुणी पदर सावरत आत येईल की काय, असं मलाही क्षणभर वाटलं. हरणाबाई दम्याची पेशंट होती. चालताना तिच्या छातीतून शीळ वाजायची, ती शीळ माझ्या ओळखीची होती.

तेवढ्यात दोन नंबरच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि नर्स ओरडली, "सिस्टर, लवकर या! गोरोबा गेला!"

२

गोरोबा गेला नाही. डॉक्टर शिवशंकर तरुण आहेत, पण हाताचे चपळ. त्यांनी लगेच उतारा दिला आणि गोरोबाला गाडीत घालून सोलापूरला रवाना केलं. हायवेवर ट्रकची पंक्चर काढणारा दांडगा माणूस, पण पेनिसिलीनचं इंजेक्शन टोचताच ओठ निळे पडून खाली कोसळला होता.

मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गेल्या वर्षी याच औषधानं त्याला भोवळ आली होती. तेव्हा कॉम्प्युटरवर लाल अक्षरांत तशी नोंद करून घेतलेली माझ्या डोळ्यांसमोर होती. पण आज नोंदणीच्या खिडकीतून त्याला मिळालेल्या छापील चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: औषधाची ॲलर्जी, नाही.

खिडकीत पौर्णिमा होती. ढोकीच्या राजपालची मुलगी, कामाला चोख.

ट्रस्टचे सचिव रामहरी आले. त्यांनी धाराशिवच्या अमृतला फोन लावला. दवाखान्याचे कॉम्प्युटर तोच सांभाळतो. त्यानं तिथूनच डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. रामहरींनी सगळ्यांदेखत गोरोबाचं नाव काढलं. पडद्यावर लाल अक्षरं झळकली: पेनिसिलीन देऊ नये.

"हे बघा," रामहरी म्हणाले. "इथं तर लिहिलंय. मग चिठ्ठीवर 'नाही' कुठून आलं?"

"साहेब, मघाशी पडद्यावर हे नव्हतं," पौर्णिमा म्हणाली.

"मघाशी नव्हतं, आता आहे. बरं, आज सकाळपासून तू किती पेशंट नोंदवले? इथं एकाचीही नोंद नाही. हरणाबाईचं नाव मात्र स्पीकरवरून घुमतंय. चेष्टा चाललीय काय?"

गोरोबाची बायको अयोध्या हॉलच्या मधोमध उभी होती. नवऱ्याची चप्पल तिच्या हातात राहिली होती. "माझ्या कुंकवावर उठलीस गं बये!" ती ओरडली. "काय वाकडं केलतं आमी तुजं?"

पौर्णिमा खिडकीतून उठून उभी राहिली.

रामहरींनी तिला घरी बसायला सांगितलं. सोमवारी विश्वस्तांची बैठक होती. त्यात तिला काढायचं आणि पोलिसात तक्रार द्यायची, असं ठरल्यासारखंच होतं.

"सिस्टर," फाटकापाशी ती मला म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण हे लागलेलं नाव घेऊन मला कुठल्या दवाखान्यात खिडकीत बसवतील? खिडकीत दुसरं कुणी असतं तर यांनी आधी मशीनला विचारलं असतं. मी होते, राजपालची पोरगी, म्हणून आधी मला विचारलं."

मला एक गोष्ट खटकत होती. खोटी नोंद करायची तर माणूस एक नोंद करील. त्यासाठी मेलेल्या बाईला रांगेत कशाला उभी करील?

३

क्षमा माझ्याच हातावर जन्मली. पुण्यात ती लिनक्सवर चालणारी यंत्रं सांभाळते, आणि नेमकी चुलत बहिणीच्या लग्नाला गावी आली होती. मी तिच्यासमोर सगळं मांडलं. मांडवातली भजी खात तिनं ऐकून घेतलं.

"आजी, हरणाबाई याआधी आली होती का?"

"आली होती. महिन्याभरात दोनदा तरी. लोक म्हणतात, मंगळवारी येते, देवीच्या वाराला."

"लोक काय म्हणतात ते राहू द्या. तुम्हाला काय आठवतंय?"

मी डोळे मिटले. एकदा मंगळवार होता खरा, पण दुसऱ्यांदा बाजाराचा दिवस होता. "वार नाही गं," मी म्हणाले. "दर वेळी पहाटे लाईट गेलेली होती."

क्षमानं हातातलं भजं तसंच ताटात ठेवलं. "चला," ती म्हणाली.

आधी डॉक्टर शिवशंकर. ते स्वतःवरच चिडलेले दिसले.

"मी चिठ्ठी वाचली होती, आणि पडद्यावरही बघितलं होतं. दोन्हीकडं 'नाही' होतं."

"मग तसं सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं. रामहरी म्हणाले, डॉक्टर, तुम्ही अंगावर घेऊ नका. मग मलाच शंका यायला लागली की आपण नीट बघितलं होतं का." ते थोडे घुटमळले. "आणखी एक सांगू? हसू नका. त्या सकाळी पडद्यावर डॉक्टर म्हणून माझं नावच नव्हतं. भलताच कुणीतरी होता. रेवणप्पा."

मी हसले नाही. डॉक्टर रेवणप्पा गुलबर्ग्याला निघून गेले त्याला कितीतरी वर्षं झाली. जाताना सगळ्या नर्सांना त्यांनी इलकल साड्या घेतल्या होत्या. शिवशंकरांनी त्यांचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं.

रामहरी सरळ बोलले नाहीत. खिडकीत त्यांची पुतणी येऊन बसली होती.

"तात्पुरती आहे हो. काम अडायला नको."

"तात्पुरती म्हणजे सोमवारपर्यंत का सोमवारनंतर?" मी विचारलं.

"सिस्टर, तुम्ही रिटायर झालात ना?"

"झाले की. म्हणूनच आता तुम्हाला विचारायची सोय झाली."

पण कॉम्प्युटरवरच्या नोंदींत ते बदलाबदल करू शकतील असं मला वाटलं नाही. मोबाईलवर आलेला लग्नाचा फोटोसुद्धा मोठा करायला ते दुसऱ्याला सांगतात.

राहिला अमृत. सगळे पासवर्ड त्याच्याच हातात होते.

४

अमृत धाराशिवहून एसटीनं आला. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची आमची चादरी ठेवायची लिनन रूम. दाराला लिंबू-मिरची बांधलेली होती.

"हे कुणी बांधलं?" क्षमानं विचारलं.

"म्याच," अमृत खाली बघून म्हणाला. "ताई, तुमी हसाल. पर म्या एकटा हितं बसलो आन् भायेर ती हाक ऐकली, तर माजी काय हालत हुईल?"

"कुणी आत शिरून नोंदी बदलल्या असतील का?"

"न्हाय हो. कोण कवा आत शिरलं त्याची खूण ऱ्हाती. कुणीच शिरलं न्हाय. आन् म्या मशीन नीट बंद करून नीट चालू करून बघितली की. लई वेळा. एकदा बी हरणाबाई आली न्हाय."

"डेटाबेसचं पॅकेज नवं कधी घातलं?"

"मागच्या महिन्यात. आपोआपच आलं."

"आणि बॅटरी?"

"ती उन्हानं बसली. लाईट गेली की मशीन एका झटक्यात मरती."

क्षमानं त्याच्यादेखत मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. आम्ही हॉलमध्ये जाऊन उभे राहिलो. दुपारची वेळ होती, बाकडी रिकामी होती, हायवेवरून ट्रकांची घरघर येत होती. स्पीकर गप्प होता. पडद्यावर डॉक्टर शिवशंकरांचं नाव होतं, गोरोबाची लाल अक्षरं जागच्या जागी होती.

"बघा," अमृत म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मला मात्र पौर्णिमाचा चेहरा आठवला. सोमवार उद्यावर आला होता.

दारात रामहरी येऊन उभे होते. "झालं का समाधान?" ते म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

५

मी रिकाम्या बाकावर बसले. म्हातारपणी काल काय जेवलो ते आठवत नाही, पण जुनं सगळं लख्ख दिसतं. हरणाबाई जिवंत. डॉक्टर रेवणप्पा खुर्चीत. गोरोबाला अजून भोवळ आलेली नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, असे दिवस होऊन गेले होते. मी स्वतः ते जगले होते.

"क्षमा," मी म्हणाले, "ही कुणी केलेली लबाडी नाही. त्या सकाळी पडद्यावर होता तो आमचा जुना दवाखाना होता. सगळाच्या सगळा."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "मग सगळ्या जुन्या पेशंटांमधून हाक हरणाबाईलाच का?"

"हाक कुणाला मारतात?"

"ज्याचं टोकन राहिलंय त्याला."

आणि मला ती दुपार दिसली. खंडेनवमी होती. दरवर्षीप्रमाणं आम्ही दवाखान्यातली कात्री-चिमट्यांपासून एक्स-रेपर्यंत सगळी हत्यारं मांडून पूजली होती. कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू, झेंडूची माळ. त्याच दिवशी त्याला नवी मोठी डिस्क बसली होती. पूजेसाठी ओपीडी मध्येच थांबवली, तेव्हा रांगेत एकच जण उरली होती. "मला काय घाई न्हाय बाई," असं म्हणत हरणाबाईनं हातावर पेढा घेतला आणि घरी गेली. दसरा झाल्यावर आली, पण नव्या टोकनावर.

"अमृत," मी हे सांगितल्यावर क्षमानं हळूच विचारलं, "नवी डिस्क बसवली तेव्हा जुन्या डिस्कवरच्या नोंदी पुसल्या होत्या का?"

अमृतचा चेहरा उतरला. "नकल करून नवीवर घातल्या. पुसणार हुतो... पर तवर पूजा झाली. एकदा पूजा झाली की दसऱ्यापतुर हत्याराला कामाला लावायचं न्हाय, आसं आमच्यात हाय. म्हणलं, दसरा झाल्यावर पुसू."

"आणि दसरा झाल्यावर?"

"दिसतच नव्हत्या की. इसरलो."

क्षमा उठली, लिनन रूममध्ये गेली. यावेळी तिनं मशीन नीट बंद केलं नाही. चालत्या मशीनची वायर सरळ भिंतीतून उपटली.

पंखा थांबावा तसा मशीनचा आवाज थांबला. मग तिनं वायर परत लावली आणि आम्ही हॉलमध्ये येऊन उभे राहिलो. रामहरी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात रिकाम्या बाकड्यांवरून तो आवाज फिरला.

"हरणाबाई शंभुलिंग. खोली क्रमांक दोन."

रामहरींनी माझा हात धरला.

६

पडद्यावर डॉक्टर रेवणप्पा होते. गोरोबाच्या नावापुढं 'नाही' होतं. आणि जुन्या नोंदींच्या शेवटी, कितीतरी महिने मध्ये कोरे सोडून, आणखी काही नोंदी होत्या. त्या सकाळच्या. पौर्णिमानं केलेल्या. त्यात गोरोबाही होता, एकही पेशंट सुटलेला नव्हता.

"ती खरंच लिहीत होती," हाक ऐकून बाहेर आलेले डॉक्टर शिवशंकर म्हणाले. "फक्त दुसऱ्याच दवाखान्यात लिहीत होती."

क्षमानं समजावलं. नोंदी ठेवायची जागा एकच. तिथं आधी जुन्या नोंदी होत्या. नवी डिस्क त्याच जागेवर चढवली, तेव्हा जुन्या झाकल्या गेल्या, पुसल्या गेल्या नाहीत.

"जमिनीतल्या पेवासारखं," मी म्हणाले. "वर फरशी टाकली की खालचं धान्य दिसत नाही."

"तसंच. आता मशीन चालू होताना डेटाबेस उठवायचं काम एक छोटी स्क्रिप्ट, मशीनला दिलेल्या सूचनांची यादी, करते. ती डेटाबेसच्या प्रोग्रॅमच्या पॅकेजमधूनच येते. जुन्या पॅकेजातली स्क्रिप्ट सगळ्या डिस्क चढेपर्यंत थांबायची. नव्या पॅकेजात तेवढंच राहून गेलं. ती फक्त विचारते, या जागी नोंदी आहेत का? आहेत म्हटलं की डेटाबेस चालू."

"मग अमृतनं केलं तेव्हा का नाही झालं?"

"मशीन नीट बंद केलं तर मोठी डिस्क झटकन चढते. झटक्यात मेलं तर उठल्यावर ती आधी स्वतःला तपासत बसते, वेळ लागतो. तेवढ्यात स्क्रिप्ट फरशी नसलेल्या पेवात उतरते. अमृतनं नंतर फोनवरून पुन्हा चालू केलं की तोवर डिस्क चढलेली असते, सगळं जागेवर. म्हणून कुणी बघायला आलं की भूत गायब."

"आणि हरणाबाई दर वेळी?"

"तिला कुणी तपासलंच नाही ना. मेलेल्या बाईला 'तपासली' असं कोण लिहील? म्हणून तिची पाळी तशीच राहिली." क्षमाचा आवाज गंभीर झाला. "यापुढचं वाईट होतं. डेटाबेस जुन्यावर चाललेला आणि वरून नवी डिस्क चढते. असं होत राहिलं असतं तर एखाद्या सकाळी दोन्ही नोंदी एकमेकींत मिसळल्या असत्या. मग कोण जिवंत, कोण गेलेलं, कुणाला कशाची ॲलर्जी, हे कुणालाच निवडता आलं नसतं."

तिनं स्क्रिप्टमध्ये थोड्याच ओळी घातल्या. आधी डिस्क चढली आहे का बघ. नसेल तर थांब. तरीही नाहीच चढली तर डेटाबेस उठवू नकोस, तसं सांगून गप्प बस. ती दुरुस्ती तिनं पॅकेज बनवणाऱ्यांनाही पाठवली. जगात आणखी कुठं अशी हाक घुमत असेल तर तीही थांबावी म्हणून.

संध्याकाळी, पौर्णिमाच्या नोंदी बाजूला काढून ठेवल्यावर, क्षमा जुनं पुसायला बसली. "आजी, बघायचंय का एकदा?" तिनं विचारलं.

मी बघितलं. एकेक नाव सरकत गेलं. किती जणांच्या नाडीवर माझी बोटं होती. त्यातले कितीतरी आता नव्हते, आणि इथं मात्र कुणाला खोकला होता, कुणाची पट्टी बदलायची होती, कुणाला उद्या बोलावलं होतं. हरणाबाईपाशी मी क्षमाला थांबवलं. तिच्या टोकनापुढं मी लिहायला लावलं: तपासली.

मग मी म्हणाले, "पूस."

७

सोमवारी विश्वस्तांसमोर क्षमानं पुन्हा वायर उपटली. मशीन उठलं, पडद्यावर बराच वेळ 'थांबा' एवढंच होतं. मग डॉक्टर शिवशंकरांचं नाव आलं. पौर्णिमाच्या त्या सकाळच्या नोंदी क्षमानं एकेक करून दाखवल्या.

"उद्यापासून ये मग," रामहरी पौर्णिमाला म्हणाले.

"नाही साहेब," ती म्हणाली. "हॉलमध्ये सगळ्यांदेखत मला बोललात. हॉलमध्येच सांगा."

रामहरींनी विश्वस्तांकडं बघितलं. विश्वस्तांनी खिडकीबाहेर बघितलं. "जा की मग," एक म्हातारे विश्वस्त शेवटी म्हणाले, "लांब हाय काय हॉल?"

गर्दीच्या वेळी रामहरी हॉलमध्ये उभे राहिले आणि चूक मशीनची होती, पोरीची नव्हती, एवढं म्हणाले. आवाज बारीक होता. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ऐकू न्हाय आलं सायेब!" त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

तरी लोक बिचकतच होते. रामहरींनी पुतणीसाठी दुसरी खिडकी उघडून दिली होती. नोंदणीला आलेला जो तो पौर्णिमाकडं बघे आणि तिकडं वळे. तिच्या खिडकीसमोरची फरशी मोकळीच होती. दोन दिवस ती तशीच बसून राहिली. पडद्याकडं बघत, हात कीबोर्डवर ठेवून.

तिसऱ्या दिवशी गोरोबा सोलापूरहून परत आला. अंगानं उतरला होता. अयोध्यानं त्याला दंडाला धरून आणलं. पुतणीनं हात हलवला. "इकडं या काकू, इथं रांग भरभर सरकतेय."

अयोध्या थांबली. दोन्ही खिडक्यांकडं तिनं बघितलं. मग नवऱ्याला ओढत ती पौर्णिमाच्या खिडकीपाशी आली आणि गजांच्या आत तोंड घातलं.

"लिव्ह," ती म्हणाली. "गोरोबा. आन् विचार की, काय चालत न्हाय त्याला?"

पौर्णिमानं पडद्याकडं न बघता विचारलं, "काय चालत नाही, मावशी?"

"पेनशिलीन," अयोध्या म्हणाली. "मोठ्यानं लिव्ह."

कीबोर्ड वाजायला लागला. मागून चपला सरकल्याचा आवाज आला म्हणून मी वळून बघितलं. दुसऱ्या रांगेतली एक बाई पोराला कडेवर घेऊन अयोध्याच्या मागं येऊन उभी राहिली होती.